इंजिन दुसऱ्या दिवशी चालू झाले, म्हणजे ते बंद पडलेच नव्हते का?

हलके हेलिकॉप्टर मोकळ्या जागेत उतरते. माणसे सुखरूप, पाती शाबूत, स्किड (उतरताना टेकायचे खालचे दांडे) जरासे फाकलेले. ट्रकवर घालून ते हँगरमध्ये आणतात. दुसऱ्या दिवशी कोणीतरी स्टार्टर मारतो आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होते. मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारे भाग) ठीक, ऑइल प्रेशर ठीक, आवाजात काही खोट नाही. लगेच कुजबुज सुरू होते: इंजिनाला काही झालेच नव्हते, पायलट घाबरला.

पिस्टन इंजिनाच्या बाबतीत हा निष्कर्ष घाईचा आहे. इंजिन थांबवणारी किंवा त्याची ताकद काढून घेणारी काही कारणे उतरल्यावर तासाभरात आपोआप नाहीशी होतात. काही कारणे कोणीतरी चांगल्या हेतूनेच पुसून टाकतो. कार्ब्युरेटरमधला, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागातला, बर्फ वितळतो. इंधनातले पाणी टाकी रिकामी करताना वाहून जाते. तापल्यावर दगा देणारी मॅग्नेटोची कॉइल गार झाली की पुन्हा ठिणगी देते. चुकून ओढलेला मिक्श्चरचा नॉब (इंधन-हवेचे प्रमाण ठरवणारा, पूर्ण ओढला की इंधन तोडणारा) इंजिन बंद करताना ओढलेल्या नॉबसारखाच दिसतो. म्हणून हँगरमध्ये इंजिन सुरू झाले, तर तपासाची यादी थोडी आखूड होते, एवढेच.

उदाहरण म्हणून रॉबिन्सन आर-44 घेऊ, आणि त्यातही कार्ब्युरेटरवाले रेव्हन-1. रेव्हन-2 ला फ्युएल इंजेक्शन आहे, त्यामुळे बर्फाची गोष्ट तिथे लागू होत नाही. मुंबईत हेलिकॉप्टरची वाईट बातमी येते ती बहुतेक समुद्रावरून: 13 जानेवारी 2018 चे डॉफिन, 28 जून 2022 ला रिगजवळ पाण्यात गेलेले सिकॉर्स्की एस-76डी. ती दोन इंजिनांची टर्बाइन यंत्रे, रेकॉर्डर बसवलेली. आर-44 म्हणजे चार आसने, सहा सिलिंडरचे एकच लायकॉमिंग इंजिन, कमाल वजन 1089 किलो, आणि जुन्या यंत्रांत ना कॉकपिटच्या आवाजाचा रेकॉर्डर ना उड्डाणाचा. 11 डिसेंबर 2016 ला आरे कॉलनीत कोसळले तेही आर-44 च. अशा यंत्राचा तपास खुणा, इंधन, आवाज आणि आठवणी यांवरच चालतो.

आधी हवेत काय होते ते पाहू, कारण जमिनीवरच्या खुणा त्यातूनच उमटतात.

इंजिन थांबले की वरच्या पुलीतला फ्रीव्हील क्लच रोटरला इंजिनापासून सोडवतो. मग रोटर फिरता ठेवते ती खालून वर येणारी हवा. पात्याचा साधारण 25 ते 70 टक्के त्रिज्येतला भाग रोटरला ढकलतो आणि टोकाकडचा भाग त्याला ओढून धरतो. हे जमते ते कलेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा, लगेच खाली गेला तरच. इंजिन गेल्याची लक्षणे पायलटच्या पुस्तिकेत दिली आहेत: आवाजात बदल, नाक डावीकडे वळणे, ऑइल प्रेशरचा दिवा, उतरणारा इंजिन आरपीएम. रोटरचा वेग ठरलेल्या वेगाच्या 97 टक्क्यांच्या खाली गेला की हॉर्न वाजतो. 80 टक्के अधिक दर हजार फुटांना 1 टक्का, याच्याही खाली गेला तर पाती स्टॉल होतात, म्हणजे यंत्राला उचलून धरत नाहीत, आणि मग कोणाचेच कौशल्य कामी येत नाही. आर-44 ची पाती आर-22 पेक्षा जड आहेत, म्हणून थोडी सवड जास्त मिळते. तरी ती सेकंदांतच मोजायची.

500 फुटांच्या वर असताना क्रम असा. कलेक्टिव्ह खाली, वेग 70 नॉटच्या आसपास, रोटर 97 ते 108 टक्क्यांमध्ये. जागा निवडायची आणि उंची असेल तर वाऱ्याकडे तोंड करायचे. वेळ उरला तर इंजिन पुन्हा सुरू करून पाहायचे, नाहीतर नको ती बटणे आणि इंधनाचा व्हॉल्व्ह बंद. जमिनीपासून सुमारे 40 फुटांवर फ्लेअर, म्हणजे नाक वर करून वेग कमी करणे. सुमारे 8 फुटांवर सायक्लिक (यंत्र पुढे-मागे, बाजूला झुकवणारा दांडा) पुढे करून यंत्र सपाट करायचे आणि टेकण्याच्या क्षणी कलेक्टिव्ह वर ओढून उरलेला वेग मारायचा. रोटरमधली साठलेली शक्ती एकदाच वापरता येते. दहा फूट आधी ओढला तर उरलेले दहा फूट यंत्र नुसतेच पडते.

55 नॉट आणि 90 टक्के रोटर या स्थितीत आर-44 कमीत कमी, म्हणजे मिनिटाला 1350 फूट या दराने उतरते आणि दर 1500 फुटांमागे एक सागरी मैल पुढे जाते. गणित करा. 1000 फुटांवरून पाऊण मिनिटाहून कमी वेळ आणि सव्वा किलोमीटर. 500 फुटांवरून वीसएक सेकंद आणि 600 मीटर. यातून सुरुवातीला गोंधळात गेलेले एक-दोन सेकंद वजा करायचे. शिवाय 500 फुटांच्या खाली रोटर पुन्हा किमान 97 टक्क्यांवर आणायचा असतो, म्हणजे तिथे उतरण्याचा दर आणखी वाढतो.

आता हे आकडे जुहूच्या नकाशावर ठेवा. जुहूचा एरोड्रोम मोठ्या विमानतळाला अगदी खेटून आहे. वरची हवा विमानांची, म्हणून हेलिकॉप्टरांना खालीच राहावे लागते. 600 मीटरच्या वर्तुळात वर्सोवा किंवा सांताक्रूझ पश्चिमेला रिकामे काय सापडेल? किनारा. ओहोटीला उघडा पडलेला ओल्या वाळूचा पट्टा घट्ट असतो, त्यावर स्किड सरकतात. भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू मात्र स्किडचे टोक गिळते, आणि पुढे सरकणारे यंत्र नाकावर किंवा कुशीवर जाते. भर म्हणून दुपारचा वारा पश्चिम-वायव्येकडून येतो आणि किनारा दक्षिणोत्तर पसरलेला. वाऱ्याकडे तोंड केले तर समोर पाणी, किनाऱ्याच्या लांबीने उतरायचे तर वारा आडवा. बहुतेक पायलट आडवा वारा पत्करतात आणि ते बरोबरच आहे. मालाड खाडीकडची खारफुटी वरून गादीसारखी दिसते, पण तिच्या खाली चिखल आणि खुंट. आरे हिरवे आहे, मोकळे नाही: झाडे आणि तारा. पूर्वेला भांडुप-मुलुंडची मिठागरे त्या मानाने चांगली, फक्त बांध आडवे येतात. मैदानांबद्दल न बोललेलेच बरे. मुंबईतले मैदान रिकामे असते ते पहाटे चारला.

आता बर्फ. मुंबईत बर्फ म्हटले की लोक हसतात.

कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात हवेचा दाब पडतो आणि तिथेच पेट्रोलची वाफ होते. माठातले पाणी गार होते त्याच कारणाने तिथली हवा गार होते. फरक एवढाच की इथे तापमान 20 अंशांनी सहज पडते, थ्रॉटल जवळजवळ बंद असताना 35 अंशांच्याही पुढे. जुलैत 28 अंश तापमान आणि 25 अंश दवबिंदू ही मुंबईची अगदी साधी नोंद आहे, आर्द्रता 84 टक्क्यांच्या आसपास. प्रवासाच्या पॉवरला ही हवा फारशी त्रास देत नाही. उतरताना थ्रॉटल मिटला की हीच हवा बटरफ्लायच्या (थ्रॉटलच्या झडपेच्या) कडेला बर्फ धरते. जानेवारीतली 18 अंशांची दमट सकाळ त्याहून वाईट, कारण शून्याच्या खाली जायला तिला 20 अंशांचीच घट पुरते. अमेरिकेच्या हवाई नियामकाचे, एफएएचे, साहित्य तर 38 अंश आणि 50 टक्के आर्द्रतेलाही हा धोका धरते. म्हणजे मुंबईत वर्षातला जवळजवळ कुठलाही दिवस धरा.

विमानात असा बर्फ धरला की आरपीएम उतरतो आणि पायलटला कळते. आर-44 मध्ये आरपीएम आपोआप राखणारा गव्हर्नर आहे. गळा अरुंद झाला की तो गुपचूप थ्रॉटल आणखी उघडतो. आरपीएम जागेवर, मॅनिफोल्ड प्रेशरही (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाबही) जवळपास जागेवर, पायलट निवांत. थ्रॉटल पूर्ण उघडला की गव्हर्नरच्या हातात काही उरत नाही, आणि तो क्षण येतो तो नेमका उतरणीच्या शेवटी, हॉव्हरसाठी, म्हणजे हवेत जागीच थांबण्यासाठी, कलेक्टिव्ह ओढताना. रॉबिन्सनची सेफ्टी नोटीस 31 नेमकी यावरच आहे. कार्ब्युरेटरच्या तापमानाचा काटाही दर वेळी खरे सांगत नाही. मॅनिफोल्ड प्रेशर 18 इंचांच्या खाली असेल तर त्या काट्याकडे दुर्लक्ष करून कार्ब हीट (कार्ब्युरेटरला दिलेली गरम हवा) पूर्ण लावा, असे पुस्तिका सांगते. कारण काट्याचा सेन्सर बटरफ्लायच्या अलीकडे बसतो आणि बंद थ्रॉटलला खरी थंडी पलीकडे पडते. कार्ब हीट लावल्यावर इंजिन आधी खडखडते, कारण वितळलेले पाणी सिलिंडरमध्ये जाते. काही जण घाबरून हीट काढतात आणि मग बर्फ पुन्हा धरतो. खडखड सोसायची, हीट काढायची नाही.

उतरल्यावर गरम इंजिनाच्या बोळात हा बर्फ काही मिनिटांत पाणी होतो आणि वाफ होऊन जातो. कार्ब्युरेटर उघडला तर आत स्वच्छ, कोरडा धातू.

म्हणून उतरल्यानंतरचा पहिला तास मला हँगरमधल्या पुढच्या आठवड्यापेक्षा मोलाचा वाटतो. माणसे बाहेर, आगीची भीती गेली, बॅटरी बंद. त्यानंतर हात मागे. भारतातले नियम स्पष्ट आहेत: माणसे, जनावरे किंवा टपाल बाहेर काढणे, आग थोपवणे, रहदारीचा किंवा लोकांचा धोका टाळणे एवढ्यासाठीच यंत्राला हात लावायचा. पाण्यात असेल तर सुरक्षित जागी आणण्यापुरते हलवता येते. मुंबईच्या किनाऱ्यावर ही शेवटची मुभा खरोखर लागते. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो आणि उतार सौम्य असल्याने पाणी भराभर चढते. सहा तासांच्या आत वाळूवरच्या खुणाही गेल्या आणि यंत्रही.

तेव्हा हलवण्याआधी फोटो, आणि ते नुसते बाहेरून फिरून काढलेले नकोत. पॅनेल सरळ समोरून, इतक्या जवळून की प्रत्येक बटणाची स्थिती वाचता यावी. कार्ब हीटचा नॉब किती बाहेर, मिक्श्चरचा नॉब किती बाहेर, इंधनाचा व्हॉल्व्ह कुठे, गव्हर्नर चालू की बंद, क्लचचा सर्किट ब्रेकर आत की ओढलेला. मिक्श्चरच्या नॉबवर बसणारी प्लास्टिकची नळी, म्हणजे गार्ड, कुठे पडला आहे तेही. इंजिन सुरू करण्याआधी तो बसवतात आणि बंद करतानाच काढतात. गार्ड जागेवर असेल तर नॉब चुकून ओढल्याचा संशय जवळजवळ मिटतो. गार्ड मागच्या आसनाखाली सापडला तर पायलटला प्रश्न विचारायला हवा, आणि तोही त्याच दिवशी. कार्ब हीटऐवजी मिक्श्चर ओढण्याची चूक इतकी जुनी आहे की रॉबिन्सनची पहिली सेफ्टी नोटीस तिच्यावरच निघाली.

बाहेर स्किडच्या चरांची लांबी, खोली आणि दिशा टेपने मोजायची. शेपटीचे गार्ड आधी टेकले असेल तर त्याची वेगळी खाच दिसते, म्हणजे फ्लेअर फार खाली किंवा फार जोरात झाला. लांब समांतर चर म्हणजे पुढचा वेग उरला होता. चर जवळजवळ नाहीत आणि क्रॉसट्यूब (स्किड जोडणाऱ्या आडव्या नळ्या) फाकलेल्या, म्हणजे यंत्र वरून पडले. पाती वरच्या बाजूला वाकली असतील तर रोटर मंदावला होता. इंजिन गेले की नाही याचे उत्तर यातून मिळत नाही. पण इंजिन गेल्यावर किती उंचीवर किती वेळ हाताशी होता, हे बरेच कळते.

यानंतर इंधन, आणि इथे घाई सर्वांत महागात पडते. ट्रकवर चढवण्याआधी टाकी रिकामी करावी लागते, ते खरे. पण तेल कुठल्याशा कॅनमध्ये ओतून टाकले की संपले. आर-44 ला इंधन काढायच्या तीन जागा आहेत: मुख्य टाकी, सहायक टाकी आणि गॅस्कोलेटर (पाणी आणि गाळ अडवणारी इंधनाची गाळणी). तिन्हींतून वेगळ्या, कोरड्या काचेच्या बाटल्या, प्रत्येकी किमान लिटरभर. गॅस्कोलेटरच्या वाटीत मावतच नाही तेवढे, तिथे जे असेल ते सगळे. बाटलीवर वेळ, जागा, कोणी काढले, आणि सील. उरलेले तेल मोजून काढायचे, कारण प्रमाण हाही पुरावा आहे. आर-44 तासाला 55-60 लिटर पितो. दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्या दिवसभर करणाऱ्या यंत्राच्या नोंदी बेरजेत हमखास चुकतात.

एव्हगॅस 100एलएल, म्हणजे पिस्टन इंजिनाचे विमानी पेट्रोल, निळा असतो. पाणी खाली बसते आणि मध्ये रेघ दिसते. पण बाटलीत सगळेच पाणी आले तर रेघच नसते, आणि 'स्वच्छ आहे' म्हणून बाटली ओतली जाते. उजेडात धरून निळा रंग आहे का तेवढे पाहिले तरी हा सापळा टळतो. पावसाळ्यात बॅरलमधले एव्हगॅस हा इथला नेहमीचा संशयित. बॅरल उभे ठेवले की झाकणावर पाणी साचते. रात्री गारव्याने आतली हवा आकसली की बुचाच्या कडेने ते आत ओढले जाते. बॅरल आडवे ठेवावे, दोन्ही बुचे घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, म्हणजे ती तेलाखाली राहतात आणि बाहेरची हवा आत येत नाही. जुहूला दुसराही धोका आहे. तिथली बहुतेक हेलिकॉप्टरे टर्बाइनची, म्हणजे आजूबाजूला त्यांच्या इंधनाचा, जेट ए-1 चा, सुळसुळाट. चुकीचा पाइप लागला का ते पाहायला पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकतात. निव्वळ एव्हगॅस उडून जातो, जेटची भेसळ असेल तर तेलकट कडे राहते. बॅरलमधला, बाउझरमधला (इंधनाच्या टँकरमधला) आणि त्याच दिवशी तिथून भरलेल्या दुसऱ्या यंत्रातला नमुनाही घ्यावा. दुसरे यंत्र ठणठणीत उडते आहे, हाही पुरावाच.

हँगरमध्ये इंजिन सुरू करण्याआधी खूप काही पाहायचे असते, आणि कुजबुज करणारे नेमके तेच वगळतात. एअर फिल्टर भिजून फुगला आहे का. हवेच्या नळीचा आतला थर सुटून आत कोसळला आहे का. तो इंजिन चालू असताना ओढला जातो आणि बंद असताना निमूट जागेवर पडून राहतो. मफलरमधले पत्रे सुटून वाट अडली आहे का. बाराही प्लग काढून क्रमाने मांडायचे: काळी काजळी म्हणजे इंधन जास्त, पांढरट म्हणजे कमी, एकाच सिलिंडरचे दोन्ही प्लग वेगळे दिसले तर दोष त्या सिलिंडरपुरता. लीकेज टेस्टला 80 पीएसआय हवा देऊन सिलिंडर किती धरतो ते पाहायचे आणि गळती ऐकायची: एग्झॉस्टमधून, इंटेकमधून की ऑइलच्या नळीतून. ऑइल फिल्टर कापून, कागद उलगडून चुंबक फिरवायचा. कार्ब्युरेटरच्या वाटीतले तेल मोजायचे, फ्लोट आणि सुई पाहायची, थ्रॉटल आणि मिक्श्चरच्या केबलची टोके हाताने ओढून पाहायची.

एग्झॉस्ट व्हॉल्व्ह वेगळा पाहावा लागतो. गाइडमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह ज्या नळीत सरकतो तिच्यात, कार्बन साठला की व्हॉल्व्ह तापल्यावर चिकटतो, कधीकधी पुशरॉड वाकवतो, आणि गार झाल्यावर मोकळा होतो. लायकॉमिंगचे सर्व्हिस बुलेटिन 388 यासाठीच आहे, आणि हेलिकॉप्टरच्या इंजिनांना ती तपासणी 300 तासांची, विमानांपेक्षा लवकर. पुशरॉड सपाट काचेवर लोळवून पाहिला तरी वाक दिसतो. मॅग्नेटोही गार टेबलावर फिरवून 'पास' करू नयेत. ते गरम करून, बराच वेळ चालवून पाहायला हवेत. अर्थात एक मॅग्नेटो गेल्याने इंजिन थांबत नाही, ताकद घटते. पण भरलेल्या यंत्राला हॉव्हरमध्ये ती घटही पुरते.

इंजिन गेले की पट्टे गेले, हा प्रश्न त्या मानाने सोपा. आर-44 मध्ये इंजिनाची ताकद चार दुहेरी व्ही-बेल्टमधून वर जाते. ते सुटले किंवा फाटले तर रोटर उतरतो, पण इंजिन मोकळे होऊन वर पळते. पायलटला फक्त एवढेच विचारा: आवाज बसला की चढला? आणि विचारताना उत्तर सुचवू नका. 'इंजिन बंद पडले तेव्हा तुम्ही काय केले?' या प्रश्नात उत्तर आधीच आहे. 'सर्वांत आधी काय बदलले?' असे विचारले तर नाक, हॉर्न, दिवा, आवाज यांचा खरा क्रम बाहेर येतो.

आणि आवाजाचा साक्षीदार मुंबईत फुकट मिळतो. किनाऱ्यावर हेलिकॉप्टर खाली येताना दिसले की पाच-पंचवीस फोन वर होतात. आर-44 चा रोटर 102 टक्क्यांना मिनिटाला 408 फेरे घेतो. दोन पाती, म्हणजे सेकंदाला 13.6 ठोके. इंजिन त्याच वेळी 2718 आरपीएम, सहा सिलिंडर, चार स्ट्रोक, म्हणजे फेरीला तीन स्फोट आणि सेकंदाला जवळपास 136. फोनच्या माइकला 13.6 हर्ट्झ धड ऐकू येत नाही, पण त्याच्या पटीतल्या रेघा स्पेक्ट्रोग्राममध्ये (आवाजाच्या आलेखात) उमटतात. 136 ची रेघ हळूहळू उतरत गेली तर इंजिनाचा गळा आवळला गेला. ती एकदम तुटली तर इंधन किंवा ठिणगी तोडली गेली. ती वर गेली तर पट्टे. रोटरच्या रेघा वेगळ्या वाचता येतात आणि कलेक्टिव्ह किती सेकंदांनी खाली गेला याचा अंदाज त्यावरून येतो. यंत्र फोनकडे येत होते की दूर जात होते त्याप्रमाणे डॉप्लरची दुरुस्ती करायची. मूळ फाइल मागून घ्यावी. व्हॉट्सअॅपवरून आलेली दाबलेली असते आणि तिच्यातली वेळही विश्वासाची नसते.

सांताक्रूझची दर अर्ध्या तासाची मेटार (विमानतळाची हवामान नोंद) घ्यायची, तिच्यातले तापमान आणि दवबिंदू बर्फाच्या आलेखावर टाकायचे. त्या वेळी कार्ब हीट लावली होती का, किती मिनिटे कमी पॉवरवर उतरत होते, आवाजाची रेघ कशी उतरली: हे तीन धागे एकाच दिशेला गेले आणि बाकी सगळे तपासून वगळले, तरच अहवालात बर्फ 'संभाव्य कारण' म्हणून लिहिता येतो. बर्फाचा तुकडा पुरावा म्हणून कोणाला कधीच मिळत नाही. उलट, बाकीचे न तपासता 'काही सापडले नाही म्हणून बर्फ' असे लिहिणे हा तपास नव्हे, सुटका आहे. असे अहवाल वाचले की मी पहिल्यांदा इंधनाच्या नमुन्याचा परिच्छेद शोधतो. तो नसेल तर बर्फावर विश्वास ठेवत नाही.

कागदोपत्री ही 'दुर्घटना' की 'घटना', हे नुकसानीवर ठरते. आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक कराराच्या परिशिष्ट 13 च्या व्याख्येत कोणी दगावले किंवा गंभीर जखमी झाले, किंवा यंत्राच्या सांगाड्याची ताकद कमी झाली, तर दुर्घटना. नुकसान इंजिनापुरतेच असेल तर नाही. भारतात 2012 पासून विमान अपघात तपास ब्युरो आहे, आणि तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे, दोष वाटणे नव्हे. म्हणून फक्त स्किड फाकलेल्या यंत्राचा तपास कागदावर हलका दिसतो. तो तसा होऊ नये. न तुटलेल्या यंत्रात जेवढा पुरावा जिवंत असतो तेवढा जळालेल्यात कधीच नसतो. आर-44 च्या जुन्या ॲल्युमिनियमच्या टाक्या बदलून रबरी ब्लॅडर टाक्या बसवायला कंपनीने लावले, ते अपघातानंतर लागणाऱ्या आगींमुळेच.

यंत्र पुन्हा उडवायचे तेव्हा कार्ब्युरेटर आणि दोन्ही मॅग्नेटो बदलून मोकळे व्हायची पद्धत आहे. बदला, हरकत नाही. पण काढलेले भाग ओव्हरहॉलला पाठवू नका. तिकडे ते पहिल्याच दिवशी धुतले जातात. अहवाल येईपर्यंत सील करून, कोरड्या डब्यात ठेवा. आणि समुद्राच्या पाण्यात गेलेला कॅमेरा, फोन किंवा जीपीएस सुकवत बसू नका, गोड्या पाण्यात बुडवून द्या. हवा लागली की मीठ तासांत तांबे खाते.

नव्या आर-44 मध्ये कॉकपिट कॅमेरा येतो. जुन्यात नसेल तर बसवून घेता येतो, त्यासाठी लागणारी मंजुरी आधी एएमईकडून (विमान देखभाल अभियंत्याकडून) नीट करून घ्यावी. तो पायलटच्या चेहऱ्याकडे किंवा समोरच्या समुद्राकडे लावू नका. चौकटीत मॅनिफोल्ड प्रेशरचा काटा, दोन्ही आरपीएम, कार्ब हीट आणि मिक्श्चरचा नॉब एवढे आले पाहिजे, आणि इंटरकॉमचा आवाज तारेने जोडलेला.